गाडी मिसिंग करते, पण कधी?

“गाडी मिसिंग करते”, “झटके मारते”, “पिकअप घेत नाही” ही गॅरेजात रोज ऐकू येणारी तीन वाक्ये आहेत आणि तिन्हींत कामाची माहिती गाळलेली असते. मालक एवढे बोलून चावी देतो. मेकॅनिक प्लग काढतो, घासतो किंवा नवा बसवतो, गाडी दोन चकरा नीट चालते आणि आठवडाभरात पुन्हा दारात उभी राहते. मग कॉइल बदलली जाते, मग इंजेक्टर साफ होतो, मग पेट्रोलपंपाला शिव्या बसतात. माझे म्हणणे असे की, या रोगाचा माग ‘काय बिघडले’ या प्रश्नापेक्षा ‘कधी बिघडते’ या प्रश्नाने लवकर लागतो. इंजिन थंड असताना की तापल्यावर, उभ्या गाडीत की चढावर, एका लयीत जाताना की अ‍ॅक्सिलरेटर पिळल्याबरोबर, कोरड्या दिवशी की पावसात, टाकी भरल्यावर की टाकी संपत आली असताना, याची उत्तरे हाती असली तर संशयित भागांची यादी डझनावरून दोन-तीनवर येते. गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न जास्तच उपयोगी पडतो, कारण इथले हवामान वर्षातून तीनदा पार पालटते आणि दर पालटात इंजिनाची वेगळी दुखरी जागा दाबली जाते.

आधी आत काय घडते ते पाहू. सिलिंडरमध्ये ज्या क्षणी मिश्रण पेटायला हवे त्या क्षणी ते पेटले नाही किंवा अर्धवट पेटले, की मिसिंग झाले. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदा पेट होतो. मोटरसायकल मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर चालत असेल तर तिच्या एकुलत्या एक सिलिंडरमध्ये सेकंदाला ३३ पेट होतात. त्यातला एखादा चुकला तरी हँडल धरलेल्या हाताला तो कळतो. चार सिलिंडरच्या कारचे एक सिलिंडर पूर्ण बंद पडले तरी ती उरलेल्या तिघांवर चालत राहते, फक्त उभी असताना थरथरते आणि चढावर जीव टाकते. मेकॅनिक त्याला “तीनवर चालते” म्हणतात. पेट होण्यासाठी तीनच गोष्टी लागतात : योग्य प्रमाणात मिसळलेली हवा आणि पेट्रोल, सिलिंडरमध्ये पुरेसा दाब, आणि वेळेवर पडणारी दमदार ठिणगी. पेट्रोल गाडीतला मिसिंगचा कोणताही बिघाड या तिघांपैकी कुठल्या तरी एकीतच असतो. ही यादी इतकी आटोपशीर आहे की मग निदान अवघड का जाते, असे वाटावे. अवघड जाते, कारण या तिन्ही गोष्टींची गरज क्षणोक्षणी बदलते. उभ्या गाडीत पुरेशी ठरणारी ठिणगी दरेकशाच्या चढावर अपुरी पडू शकते, आणि भाग तोच, दिवस तोच, गाडीही तीच असते.

गॅरेजातली सर्वांत जुनी चाचणी या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहे. प्लग काढायचा, कॅप लावून तो इंजिनाच्या धातूला टेकवायचा आणि किक मारायची. निळी ठिणगी दिसली की “करंट बरोबर आहे” असा निकाल लागतो. फ्रीडरिश पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दाखवून दिले की, वायूतून ठिणगी उडवायला किती व्होल्ट लागतील हे दोन टोकांमधल्या अंतरावर आणि वायूच्या दाबावर अवलंबून असते. अंतर वाढले किंवा दाब वाढला की लागणारे व्होल्ट वाढतात. मोकळ्या हवेत एका मिलिमीटरच्या फटीसाठी साधारण ३,००० व्होल्ट पुरतात. तोच प्लग सिलिंडरमध्ये गेला की भोवतालचा वायू कितीतरी पट दाबलेला असतो आणि त्याच फटीला १० ते २० हजार व्होल्ट लागू शकतात. म्हणजे कॉइल निम्म्या ताकदीची झाली असली, प्लगच्या चिनी मातीला केसाएवढा तडा गेला असला, कॅपच्या रबरातून करंट बाहेर गळत असला, तरी बाहेरच्या हवेत ठिणगी झकास दिसते. ठिणगी अजिबातच नसली तर ही चाचणी ते सांगते. ठिणगी कमजोर असली तर मात्र ती सांगत नाही, आणि मिसिंगच्या तक्रारींत कमजोर ठिणगीच जास्त असते. गाडी अजिबात चालत नसती तर मालकाने तक्रार वेगळ्या शब्दांत केली असती.

पाशेनच्या या नियमातून निदानाचा पहिला मोठा धागा मिळतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असताना हवेची वाट जवळजवळ बंद असते, सिलिंडरमध्ये हवा थोडी जाते आणि दाबही कमी राहतो. चौथ्या गिअरवर कमी वेगातून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला, की सिलिंडर भरून हवा येते आणि दाब शिखरावर जातो. म्हणून उभी असताना शांत चालणारी आणि भार पडताच झटके मारणारी गाडी बोट दाखवते ते बहुतेक वेळा ठिणगीकडे : झिजून फट रुंदावलेला प्लग, थकलेली कॉइल, गळकी कॅप. पेट्रोलचा पंपही संशयित राहतो, कारण भाराखाली पेट्रोलही जास्त लागते. पण पंपाच्या दोषात गाडी आधी दमते, ओढ हळूहळू जाते. ठिणगीच्या दोषात झटका तुटक आणि टोकदार असतो. याच्या उलट, रस्त्यावर सुसाट जाणारी आणि सिग्नलला थरथरणारी गाडी इनटेकमधल्या हवेच्या गळतीकडे किंवा नीट न बसणाऱ्या व्हॉल्व्हकडे बोट दाखवते. इनटेकचा रबरी पाइप भेगाळला असेल तर त्यातून चोरून येणारी हवा जवळपास ठरावीक असते. इंजिन थोडीच हवा घेत असते तेव्हा ती मिश्रण बिघडवते, भरपूर हवा घेत असते तेव्हा तिचा हिस्सा नगण्य होतो. टॅपेट फार घट्ट असले तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि मंद चालीत दाब गळायला वेळ मिळतो. वेगात तेवढा वेळच मिळत नाही.

आता गोंदियाचे ऋतू. जिल्ह्यात वर्षाला साधारण १,२०० ते १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. रोवणीच्या दिवसांत मोटरसायकल बांधीच्या धुऱ्यापर्यंत जाते, चिखल पुढच्या चाकावरून थेट इंजिनाच्या डोक्यावर उडतो. अनेक मोटरसायकलींत प्लग ज्या खोबणीत बसतो तिला पाणी निघून जायला बारीक भोक असते. ते चिखलाने बुजले की खोबणीत पाणी साचते, प्लगच्या मुळाशी ओल राहते आणि करंटला धातूपर्यंत जायची सोपी वाट मिळते. अशी गाडी सकाळी मिसिंग करते आणि दहा-पंधरा किलोमीटर चालून इंजिन तापले, पाणी वाळले, की बरी होते. गॅरेजात पोचते तेव्हा ती निरोगी असते. मेकॅनिकला काही सापडत नाही आणि तो सवयीने प्लग बदलतो. इथे उपाय खर्चाचा नाही : भोक तारेने मोकळे करणे, कॅप सुकवणे, तिचे रबर कडक झाले असेल तर कॅप बदलणे. शंका पक्की करायची असेल तर अंधारात गाडी चालू ठेवून कॅपवर आणि प्लगच्या वायरवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. गळती असेल तिथे निळसर ठिणग्या सरपटताना दिसतात. मात्र त्या वेळी वायरला हात लावू नये, आणि पेट्रोलची गळती असलेल्या गाडीवर हा प्रयोग मुळीच करू नये.

पावसाळ्यातला आणखी एक ठग आहे तो साइड स्टँडचा स्विच. नव्या मोटरसायकलींत स्टँड खाली असला तर इंजिन बंद करणारी यंत्रणा असते. त्या स्विचमध्ये चिखल आणि पाणी गेले की खड्ड्यात गाडी आपटताच क्षणभर करंट तुटतो. चालकाला तो हुबेहूब मिसिंगचा झटका वाटतो. फरक ओळखायची खूण अशी की, हा झटका भाराशी जुळत नाही, खड्ड्याशी जुळतो. इथे प्लग, कॉइल, इंजेक्टर काहीही बदलले तरी फरक पडणार नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात धान कापून मळणी सुरू झाली की हवेत तुसाचा आणि पेंढ्याचा भुगा असतो. शिवाय गोंदियाची ओळखच राइस मिलची. इथे एअर फिल्टरचा प्रश्न येतो, पण त्यात एक बारकावा आहे आणि तो जुन्या अनुभवी मेकॅनिकांकडूनही कधी कधी सुटतो. कार्बोरेटरच्या गाडीत फिल्टर तुंबला की हवा कमी पडते आणि पेट्रोल मात्र येतच राहते. मिश्रण दाट होते, प्लग कोरड्या काजळीने काळा पडतो, आणि काजळीतून करंट गळून गाडी मिसिंग करू लागते. इंजेक्शनच्या गाडीत संगणक आत आलेल्या हवेचा अंदाज सेन्सरवरून घेतो आणि त्या हिशोबानेच पेट्रोल सोडतो. तिथे फिल्टर तुंबला तर ताकद कमी होते, झटके सहसा येत नाहीत. म्हणून २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या मोटरसायकलीत मिसिंग असेल आणि मेकॅनिक फक्त फिल्टर बदलून गाडी परत देत असेल, तर फिल्टर बदलणे चांगलेच, पण तक्रार तशीच राहण्याची तयारी ठेवावी. धानाच्या कोठारांबरोबर उंदीरही येतात. बॉनेटखालची ऊब त्यांना आवडते आणि वायरची कातडी कुरतडली की तांब्याचे दोन-चार धागे शिल्लक राहून कधी करंट जातो, कधी जात नाही. आठवडाभर गोदामाशेजारी उभी राहिलेली कार अचानक एका सिलिंडरवर रुसली, तर प्लगआधी वायरिंग डोळ्यांनी पाहावे.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि डिसेंबर-जानेवारीत विदर्भातले सर्वांत कमी तापमान अनेकदा गोंदियातच नोंदले जाते. उष्णतेची खूण अशी : गाडी थंड असताना उत्तम, अर्ध्या-पाऊण तासाने झटके, थांबवून सावलीत ठेवली की पुन्हा उत्तम. कॉइलच्या आतली बारीक तार किंवा क्रँक सेन्सरची गुंडाळी तापून फुगते आणि तुटलेली जागा उघडते. थंड झाली की जुळते. ही तक्रार थंड गाडीवर तपासून कधीच सापडणार नाही. गाडी तापवूनच मीटर लावावा लागतो. इंजेक्शनच्या गाडीतला पेट्रोलचा पंप टाकीतल्या पेट्रोलमुळेच गार राहतो. त्यामुळे भर उन्हात रिझर्व्हवर गाडी हाकण्याची सवय पंपाला महागात पडते. हिवाळी पहाटेची तक्रार याच्या उलटी असते. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून मिश्रण मुद्दाम दाट करावे लागते. जुन्या गाडीत ते चोक करतो, नव्यात इंजिनाच्या तापमानाचा सेन्सर. तो सेन्सर चुकीचे तापमान सांगत असेल तर सकाळी पाच मिनिटे गाडी अडखळते आणि मग दिवसभर तक्रार नसते.

अडखळणे हा शब्द इथे मुद्दाम वापरला. मिसिंग आणि अडखळणे एकाच तक्रारीत घातले जाते, पण दोन्हींची यंत्रणा वेगळी आहे. अ‍ॅक्सिलरेटर एकदम दिला की हवा क्षणात आत शिरते. पेट्रोल तेवढे चपळ नसते. इंजेक्टरने फवारलेल्या पेट्रोलचा काही भाग इनटेकच्या भिंतीला चिकटतो आणि ती भिंत पुरेशी ओली होईपर्यंत सिलिंडरला कमी पडतो. कोरड्या बांधीत सोडलेले पहिले पाणी आधी माती पिते, तसे. हा क्षणभराचा तुटवडा भरून काढण्यासाठी कारच्या जुन्या कार्बोरेटरमध्ये छोटा पंप असे. आता संगणक थ्रॉटलच्या सेन्सरवरून पाहतो की अ‍ॅक्सिलरेटर किती झपाट्याने उघडला, आणि तेवढे जादा पेट्रोल सोडतो. म्हणून एका लयीत निर्दोष चालणारी आणि फक्त अ‍ॅक्सिलरेटर देताना दचकणारी गाडी असेल तर प्लगवर पैसे घालण्यात अर्थ नाही. थ्रॉटल सेन्सरची ट्रॅक झिजली आहे का, थ्रॉटल बॉडीत काजळी आहे का, हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची नळी सैल आहे का, पेट्रोलचा दाब टिकतो का, एवढेच पाहायचे. थ्रॉटल सेन्सरची तपासणी साध्या मीटरने होते. हळूहळू मूठ पिळताना व्होल्ट सरळ चढायला हवेत. मध्येच आकडा कोसळला तर दोषी सापडला.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे. प्लग स्वस्त असतो, बदलून पाहण्यात काय बिघडते? प्लगची मुदत संपली असेल तर काहीच बिघडत नाही, तो बदलायलाच हवा. पण बदलून पाहणे ही चाचणी व्हायची असेल तर तिचा निकाल वाचता आला पाहिजे, आणि इथेच गडबड होते. नव्या प्लगची फट नेमकी असते, म्हणून त्याला व्होल्ट कमी लागतात. थकलेली कॉइलसुद्धा त्याला काही दिवस पुरे पडते. गाडी सुधारते, सगळे खूश होतात, आणि फट थोडी रुंदावताच झटके परत येतात. त्यावर “प्लग डुप्लिकेट निघाला” असा निष्कर्ष निघतो. बाजारात नकली प्लग असतातच, त्यामुळे तो खोटाही वाटत नाही. खरा पुरावा अदलाबदलीत असतो. दर सिलिंडरला वेगळी कॉइल असलेल्या कारमध्ये दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावायची. मिसिंग तिसऱ्यावर गेले तर कॉइल दोषी, दुसऱ्यावरच राहिले तर कॉइल निर्दोष. मग प्लगची अदलाबदल, मग जमले तर इंजेक्टरची. एकही नवा भाग विकत न घेता, अर्ध्या तासात, तीन भागांबद्दल न्याय होतो. तिन्ही निर्दोष ठरले तर कॉम्प्रेशन मोजायचे. सिलिंडरांमधला फरक १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. मोटरसायकलीत सहसा एकच सिलिंडर असल्याने ही सोय नाही. तिथे त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीचा भाग तात्पुरता लावून पाहणे हाच तिचा पर्याय, पण एका वेळी एकच भाग. प्लग, कॅप आणि कॉइल एकदम बदलून गाडी बरी झाली तर ती बरी होते, निदान होत नाही.

दुसरा आक्षेप याच्या नेमका उलट्या बाजूचा : आता स्कॅनर आला आहे, मग एवढा विचार कशाला? १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर पेट्रोलच्या बहुतेक दुचाकीही इंजेक्शनवर आल्या, आणि कारमध्ये तर स्वतःचे दोष नोंदवणारी यंत्रणा त्याआधीपासून आहे. संगणक मिसिंग ओळखतो ते क्रँकच्या गतीवरून. प्रत्येक पेटाबरोबर क्रँकला बारीकसा रेटा मिळतो, तो चुकला की क्रँक किंचित मंदावते. पी०३०२ हा कोड सांगतो की दुसऱ्या सिलिंडरमध्ये पेट चुकतो आहे. का चुकतो हे तो सांगत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, वायर, व्हॉल्व्ह यांपैकी काहीही असले तरी कोड तोच येतो. पी०३०० आला तर कुठले सिलिंडर हेही कळत नाही. शिवाय उखडलेल्या रस्त्यावर चाकांना बसणारे धक्के क्रँकपर्यंत पोचतात आणि मिसिंगसारखेच दिसतात, म्हणून काही गाड्यांत खराब रस्ता जाणवला की ही तपासणी तात्पुरती थांबवली जाते. अर्जुनी मोरगाव किंवा सालेकशाच्या आडरस्त्यावर गाडी झटके मारते आणि स्कॅनर मात्र काही दाखवत नाही, याचे एक कारण हे असू शकते.

तरीही स्कॅनर मी नाकारत नाही, उलट तो अर्धाच वापरला जातो अशी माझी तक्रार आहे. कोड नोंदताना संगणक त्या क्षणाची परिस्थितीही जपून ठेवतो : इंजिनाच्या फेऱ्या, भार, तापमान, गाडीचा वेग. स्कॅनरमध्ये ती फ्रीझ फ्रेम या नावाने दिसते. म्हणजे ज्या इंजिनिअरांनी ही यंत्रणा रचली त्यांनाही नुसत्या ‘काय’वर भागणार नाही हे ठाऊक होते. दुसरी कामाची जागा म्हणजे फ्युएल ट्रिम, संगणक ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतो आहे तो आकडा. उभ्या गाडीत तो अधिक १८ आणि वेग वाढवला की अधिक ४ वर येत असेल तर बाहेरून हवा शिरते आहे. उभ्या गाडीत ठीक आणि भाराखाली चढत जात असेल तर पेट्रोल पुरत नाही, म्हणजे पंप किंवा फिल्टर. एकाच आकड्याचा अर्थ तो कधी वाचला यावर बदलतो. कोड वाचून पुसून टाकणारा मेकॅनिक या दोन्ही नोंदी वाया घालवतो. स्कॅनर नसेल तर पीयूसी केंद्रातला कागदसुद्धा बरेच सांगतो. पेट्रोल कारच्या त्या कागदावर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन असे दोन आकडे असतात. हायड्रोकार्बन वर आणि मोनॉक्साइड खाली असेल तर पेट्रोल न जळता तसेच बाहेर पडते आहे, म्हणजे ठिणगी चुकते किंवा मिश्रण फार पातळ आहे. दोन्ही वर असतील तर मिश्रण दाट आहे. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोष झाकू शकतो, म्हणून स्वच्छ आकड्यांवरून गाडी निर्दोष ठरवू नये. वाईट आकडे मात्र सहसा खोटे नसतात.

तिसरे म्हणणे सध्या सर्वांच्या तोंडी आहे : सगळा दोष इथेनॉलच्या पेट्रोलचा. यात तथ्य आहे, पण सांगितले जाते तेवढे नाही. देशात १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठले गेले आणि २०२५ पर्यंत २० टक्के मिश्रण पंपापंपावर आले. धानाच्या जिल्ह्याने हेही लक्षात ठेवावे की, अन्न महामंडळाचा तांदूळसुद्धा इथेनॉलच्या भट्टीत गेला आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. वीस टक्के मिश्रणाला मग साधारण साडेतेरा पुरते. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच प्रमाणात पेट्रोल सोडतो, म्हणून जुनी गाडी आधीच पातळ मिश्रणावर चालत असेल तर आणखी पातळ होऊन अडखळते. तिचा मेन जेट किंवा एअर स्क्रू जुळवून हे बरेचसे भरून काढता येते. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर फरक ओळखतो आणि संगणक पेट्रोल वाढवतो. तिथे अ‍ॅव्हरेज घटते, झटके सहसा येत नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६-७ टक्के आणि दुचाकींसाठी ३-४ टक्के अ‍ॅव्हरेज घटेल असा अंदाज दिला होता.

इथेनॉलचा खरा धोका पाण्याशी जोडलेला आहे. इथेनॉल पाणी शोषते. मर्यादेपलीकडे पाणी झाले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशी बसतात, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. पावसाळ्यात झाकणाचे रबर गेलेली, महिनाभर अर्ध्या टाकीवर उभी राहिलेली मोटरसायकल याची पहिली बळी. इथेही ‘कधी’ विचारावे. टाकी भरल्यानंतर पाच-दहा किलोमीटरच्या आत तक्रार सुरू झाली का? तसे असेल तर तळातले थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घेऊन स्थिर ठेवावे. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करण्यावाचून इलाज नाही. थर नसतील आणि तक्रार दोन-तीन टाक्यांपासून चालू असेल, तर पेट्रोलपंपाला सोडून गाडीकडे वळावे.

डिझेलचे थोडक्यात सांगतो, कारण ट्रॅक्टर आणि पिकअप त्यावर चालतात. तिथे ठिणगीच नसते, दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटते. त्यामुळे संशयित मोजके : डिझेलमधले पाणी, लाइनमध्ये शिरलेली हवा, तुंबलेला फिल्टर, खराब नोजल, घटलेले कॉम्प्रेशन. फिल्टर बदलल्यानंतर लगेच झटके सुरू झाले तर हवा काढायची राहिली आहे. थंडीत पांढरा धूर आणि गरम झाल्यावर बरे, तर कॉम्प्रेशन किंवा ग्लो प्लग. चालू इंजिनात एकेका नोजलची नळी सैल करून आवाज बदलतो का पाहण्याची जुनी पद्धत जुन्या ट्रॅक्टरवर चालते. कॉमन रेल इंजिनावर ती कधीही करू नये. तिथला दाब १,००० बारच्याही वर असतो आणि डिझेलची धार कातडी फाडून आत जाते.

शेवटचा आक्षेप छोट्या गॅरेजवाल्याचा आणि तो रास्त आहे. गिऱ्हाईक निदानाचे पैसे देत नाही, भागाचे देते. अर्धा तास गाडी चालवून, तापवून, अदलाबदल करून “तुमची कॅप ओली आहे” एवढेच सांगितले तर हातात काय पडणार? जोवर हे असेच राहील तोवर भाग बदलले जात राहतील, आणि त्याचा दोष एकट्या मेकॅनिकला देणे बरोबर नाही. आमगाव असो की तिरोडा, जो मेकॅनिक गाडी घेण्याआधी चार प्रश्न विचारतो आणि एक फेरी मारून येतो, त्याला तपासणीची मजुरी द्यावी. न लागणारी कॉइल घेण्यापेक्षा ती स्वस्तच पडते. आणि कारमधला चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला तर तेवढ्यापुरता अ‍ॅक्सिलरेटर हलका करा, गाडी बाजूला घ्या. देवरीहून महामार्गाने तशीच दामटू नका. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते, तापमान हजार अंशांच्या घरात जाते आणि आतली जाळी वितळते. तो कन्व्हर्टर बदलण्याचा खर्च प्लग, कॉइल आणि तपासणीची मजुरी या सर्वांच्या बेरजेहून कितीतरी जास्त असतो.